आईची लाखेची रेकॉर्ड

मी नळदुर्ग सोडलं त्या सकाळी अण्णांनी, माझ्या वडलांनी, माझी ट्रंक स्पीकरच्या वायरीनं बांधली. दोरी नव्हती असं नाही, पण त्यांचा धंदाच लाउडस्पीकरचा. आसपासच्या गावांत लग्न, बारसं, जयंती, काहीही असलं की त्यांचा कर्णा, मशीन आणि रेकॉर्डची पेटी निघायची. हात सवयीनं वायरीकडं गेले. सोलापूरची एसटी आली तेव्हा आई म्हणाली, "पोटाला चिमटा काढून राहू नको." राजूनं, माझ्या धाकट्या भावानं, ट्रंक टपावर चढवली.

पुण्यात मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागले, लग्न झालं, हप्त्यावर फ्लॅट घेतला. माझ्या तोंडून 'न्हाय' निसटलं की लेकी हसतात. तुमच्यापैकी जे बाहेर पडले त्यांना ठाऊक असेल, गाव सोडलेल्या माणसाला एक खोड लागते. दिवाळीला चार दिवस यायचं आणि मागं राहिलेल्यांनी काय सांभाळलं, काय बिघडवलं, ते बघत फिरायचं. माझी ती खोड राजूच्या फार वाट्याला आली.

एका दिवाळीला गेले तेव्हा आई जाऊन तीन वर्षं झाली होती. राजूनं वर एक खोली चढवली होती, गच्चीवर नवी टाकी बसवली होती. अण्णांनी धंदा कधीच बंद केलेला. रेकॉर्डी भिंतीतल्या कपाटात होत्या. मी कपाट उघडलं तर कुबट वास आला. टाकीचा पाइप भिंतीच्या आत गळत होता. कागदी पाकिटांचा लगदा होऊन रेकॉर्डींना चिकटला होता, वर पांढरी बुरशी. आईच्या आवडीच्या भीमगीताची रेकॉर्डही त्यातच.

"एवढंसुद्धा सांभाळता आलं नाही तुला?" मी अण्णांसमोरच म्हणाले.

"अक्का, भिंतीच्या आतनं गळत व्हतं. दिसलंच न्हाय," राजू म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

निम्म्या रेकॉर्डी मी पुण्याला आणल्या. स्वच्छतेचं काम माझ्या रोजच्या सवयीचं. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, मधल्या लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, मऊ ब्रश रेघांच्या दिशेनं फिरवायचा. मग डिस्टिल्ड वॉटरनं धुवून ताटाळ्यात उभ्या वाळवायच्या. एकेक रेकॉर्ड पुन्हा काळी कुळकुळीत होऊ लागली. मला मनातून मोठा अभिमान वाटत होता. राजूला जमलं नाही ते मी करत होते.

आईच्या रेकॉर्डवरची बुरशी निघेना. मी लॅबमधल्यासारखं कापसावर स्पिरिट घेतलं आणि घासलं. कापूस काळा झाला. रेकॉर्ड चिकट लागली, चकाकी गेली, रेघा पुसट झाल्या.

रविवारी ती जुन्या बाजारात नेली. रेकॉर्डी विकणारे चाचा बघताक्षणी म्हणाले, "ये लाख की है, मॅडम. प्लास्टिकची नाही. लाख स्पिरिटमधे विरघळते."

पाइपनं जे केलं नव्हतं ते माझ्या हातानं केलं होतं.

चाचांनी पाच-सहा रविवार शोधून तशीच दुसरी मिळवून दिली. तेच गाणं, तेच लेबल. घरी येऊन मी राजूला फोन लावला. "राजू, आईची रेकॉर्ड माझ्या हातनं गेली. तशीच दुसरी आणलीय. तुला उगाच बोलले मी."

राजू म्हणाला, "दुसरी सेम हाय न्हवं? गपचिप ठिवून दे. अण्णांला म्या काय सांगत न्हाय."

मी एवढं बोलूनही तो मला पाठीशी घालत होता. तेव्हाच ठरवलं, सांगायचं.

गावी गेल्यावर अण्णांच्या हातात नवी रेकॉर्ड दिली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि हसायलाच लागले.

"आगं, तुझ्या आईची रेकॉर्ड तू जन्मायच्या आधीच फुटली. जयंतीच्या गडबडीत माझ्या हातनं पडली. सोलापुरातनं दुसरी आणून पेटीत ठिवली म्या."

"आणि आईला कळलंच नाही?"

"न कळाया काय झालं? जुनी लई खरखरायची. दोन दिस माझ्याकडं बघत व्हती. मग म्हणली, मशीनचा आवाज सुधारला व्हय!"

राजू दारात उभा होता, तोही हसला. अण्णांनी मशीन पुसून सुई टेकवली. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून ते स्पीकरला कान लावून बसले. गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही. अण्णांनी डोळे पुसले आणि सुई परत सुरुवातीला नेली.

दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. सकाळी राजूनं उरलेल्या रेकॉर्डी अंगणात आणल्या आणि बादली भरली. "मला बी दाव की कसं धुत्यात."

मी लॅबला फोन करून एक दिवस रजा वाढवली. मॅनेजरनं कारण विचारलं.

"घरी काम निघालंय."

"घरी? तुम्ही तर गावी गेलाय ना?"

इतकी वर्षं मीसुद्धा 'गावी'च म्हणत आले होते.

"हो, घरीच आहे," मी म्हणाले, फोन ठेवला आणि ओली रेकॉर्ड उलटून दुसरी बाजू राजूपुढं धरली.