एस्तेरआत्याचा सातवा दिवस

पौडच्या बँकेत मी साहेबांची मनधरणी करत होते. एस्तेरआत्याच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता आणि ती तर दीड वर्ष अंथरुणाला खिळलेली. तेव्हा तुम्हीच एकदा कासार आंबोलीला येऊन तिला डोळ्यांनी बघून जा, एवढंच माझं म्हणणं. साहेब भले निघाले. "सोमवारी येतो," म्हणाले. मी खुशीत पायऱ्या उतरतेय तोच हिराबाईचा फोन आला. हिराबाई म्हणजे आत्याची शेजारीण, तिचं उठणं-बसणं, खाणंपिणं सगळं बघणारी. "ताई, तुमी कुटं हाय?... शिस्टरबाई गेल्या वो. च्या घेतला, म्हनल्या जरा पडते... आन् गेल्या." मी तशीच परत वर गेले आणि साहेबांना सांगितलं, सोमवारी येऊ नका. मी काय म्हणतेय ते त्यांना आधी कळलंच नाही. आज या गोष्टीला सहा आठवडे झाले.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर म्हणून उभं आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर कासार आंबोलीत दोन खोल्या बांधून राहायला गेली. विश्रांतीसाठी म्हणून गेली खरी, पण दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी अडलेल्या सुनेसाठी दार वाजवलं, आणि मग पुढची वीस वर्षं ते दार वाजतच राहिलं. माझी आई लवकर गेली, त्यामुळे मी तिच्याच हाताखाली वाढले. माझा हात रिकामा दिसला की तिच्या कपाळाला आठी पडायची. देव कुणालाही उगाच घडवत नाही, प्रत्येकासाठी त्यानं काम काढून ठेवलंय, ही तिची श्रद्धा, आणि ती फक्त रविवारपुरती नव्हती. नवं मूल पुसून आईच्या कुशीत देण्याआधी ती त्याच्या कानाशी वाकून सांगायची, "आलास? बरं झालं. काम आहे तुझ्यासाठी." मराठ्यांचं असो, बौद्ध वस्तीतलं असो की पौडच्या मुसलमान दुकानदाराचं, प्रत्येकाला हेच. बाळंतिणी कळा विसरून हसायच्या. मी शिक्षिका झाले ती याच बाळकडूवर. येत्या मे महिन्यात मी निवृत्त होतेय आणि खरं सांगायचं तर त्या दिवसाची मला भीती वाटते.

आत्याला अर्धांगवायू झाला आणि उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, एकेक शब्द शोधून आणल्यासारखं. त्यात पहिला धड प्रश्न आला तो, "मला ठेवलंय कशाला गं त्यानं?" मी तिचीच चेली. उत्तर म्हणून मी तिला काम आणून दिलं. मारुंजीला आमची छोटी मंडळी, म्हणजे चर्च आहे. रविवारच्या उपासनेच्या पत्रिका पाळकसाहेब शुक्रवारी छापतात. त्या पन्नास कागदांना मधोमध घडी घालायची, एवढंच. दर शनिवारी मी गठ्ठा घेऊन जायची. आत्या कोपराखाली कागद दाबून डाव्या हातानं घडी घालायची. तीन-तीन तास लागायचे, घाम यायचा, पण चेहरा परत वॉर्डातल्या सिस्टरचा व्हायचा. घड्या मात्र तिरक्या. तशा वाटायला मला लाज वाटायची. मग गावाबाहेर पडलं की मी गाडी बाजूला लावून सगळ्या पत्रिका पुन्हा नीट दुमडायची. सात महिने हे चाललं. मला वाटत होतं, मी फार पुण्याचं काम करतेय.

एका रविवारी पाळकसाहेब तिला घरी प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला द्यायला आले. सकाळची पत्रिका त्यांनी सहज तिच्या हातात दिली. आत्यानं ती उघडली, मिटली आणि अंगठा कागदावरून फिरवला. एका कागदावर दोन घड्या होत्या. एक तिची, एक माझी. तिनं भाकर घेतली, प्याला घेतला, पाळकसाहेबांना नीट निरोप दिला. ते गेल्यावर म्हणाली, "तू परत घालतेस?"

मी पत्रिका घ्यायला हात पुढे केला.

"खुळखुळा दिलास मला." मग पत्रिका मिटून ठेवत, "काम नसतं... तर आली असतीस का गं दर शनिवारी?"

"काहीतरीच काय बोलतेस," मी म्हटलं. पण पत्रिका सुरू होण्याआधी मी महिन्यातून एकदा यायची, तेही घड्याळ बघत. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. त्या प्रश्नाचं खरं उत्तर मी तिला कधीच दिलं नाही, आणि ते मला आजही खातं.

त्यानंतर आत्यानं प्रार्थना बंद केली. जेवणाआधीची दोन वाक्यंसुद्धा नाहीत. "तोंडातनं सबूद काढंना झाल्यात," हिराबाई फोनवर सांगायची. ती स्वतः मात्र रोज दुपारी भांडी उरकली की आत्याच्या पलंगाशेजारी जमिनीवर पाय पसरून बसायची. ना बोलणं, ना निवडणं-टिपणं. मला तिचा रागच यायचा. एकदा मी टोकलंही, "हिराबाई, नुसत्या काय बसता?" ती म्हणाली, "ताई, यांच्यापाशी बसलं की मला बरं वाटतंया. त्यास्नी काय येतंय न्हाई येतंय, ते कोन बघतंय?" आत्या डोळे मिटून होती. झोपली नव्हती, हे मला नंतर कळलं.

पुढच्या शनिवारी मी रिकाम्या हातानं, ओशाळून गेले. आत्यानं शाळेतल्यासारखं विचारलं, "आदामाला कितव्या दिवशी घडवलं?"

"सहाव्या."

"आणि सातव्या दिवशी तो काय करत होता?"

संडे स्कूलमध्ये मी बक्षिसं मिळवली होती, पण सातव्या दिवशी देवानं विसावा घेतला, एवढंच ठाऊक. आत्या थांबत थांबत बोलत राहिली. "काही करत नव्हता. बागेतलं एक पान उचललं नव्हतं त्यानं अजून. कामं सांगितली होती, पण हात लावायच्या आधी... पहिला अख्खा दिवस विसाव्याचा. देवाच्या सोबतीनं. आणि सगळं फार चांगलं झालंय, हे देवानं आदल्या दिवशीच म्हणून टाकलं होतं." मग तिचे डोळे भरून आले. जन्मात मी तिला दोनदा रडताना पाहिलं, त्यातली ही दुसरी वेळ. "इतक्या लेकरांच्या कानात जास्तीचं सांगत आले गं मी. आलास, बरं झालं... एवढंच पुरे होतं."

त्या दुपारी तिनं प्रार्थना केली. मोठी नव्हती. मग मला म्हणाली, "बस. काही करू नकोस." मी बसले, आणि पाच मिनिटांत फोन काढला. "ठेव तो." नुसतं बसणं इतकं अवघड असतं हे मला पन्नाशी उलटून गेल्यावर कळलं. पुढचे चार महिने मी दर शनिवारी गेले. कधी ती बोलायची, बरेचदा झोपायची. खिडकीतून समोरच्या बंगल्याचा माळी पाणी घालताना दिसायचा. मला ते शनिवार हवेसे वाटायला लागले होते आणि तेवढ्यात ती गेली.

अंत्यविधीला दोनतीनशे माणसं असतील, त्यातली निम्मी तिच्या हातावर जन्मलेली. पाळकसाहेबांनी तिच्या सेवेबद्दल फार छान सांगितलं, ते सगळं खरंच होतं. अंथरुणावरच्या दीड वर्षाबद्दल कुणी बोललं नाही. म्हणून मी हे लिहितेय.

गेल्या शनिवारी मी कासार आंबोलीला गेले. घराचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, सामानही जिथल्या तिथे आहे. मला बघून हिराबाई किल्ली घेऊन आली.

"काय काम काढलंय, ताई?"

"काम काही नाही," मी म्हटलं. "बसायला आलेय."

तिनं दार उघडलं. पलंगाशेजारी ती तिच्या जागी बसली, मी माझ्या. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत आम्ही बसलो होतो.