वाटेकडं पाठ

मी बहिरा आहे. तिसरीत असताना गोवर निघाला, कान गेले आणि कानांच्या मागोमाग शाळाही गेली. कुणी हळहळावं म्हणून हे सांगत नाही. कुंडलजवळचा मळा, ऊस, म्हैस, मळ्यातलं घर, सगळं मी कानांवाचून सांभाळलं. समोरच्याचे ओठ वाचतो. तोंडात तंबाखू असली तर मात्र माणूस वाचता येत नाही, आणि आमच्याकडं सगळ्यांच्याच तोंडात तंबाखू.

बायको गेल्यापासून मळ्यात एकटाच राहतो. मुलगा सांगलीत असतो. "आबा, फ्लॅटवर चला," हे त्याचं रोजचं. दिवाळीला त्याच्याकडं गेलो तेव्हा नातीनं टीव्हीवर एक सिनेमा लावला. "आबा, यात तुमच्यासारखीच बाई आहे." त्या बाईला ऐकू येत नाही, घरात एकटी, आणि एक माणूस तिला मारायला घरात शिरतो. मला आवडला म्हणून पोरीनं तसलेच आणखी दोन-तीन शोधून काढले. सगळ्यांत एक गोष्ट ठरलेली. बहिरं माणूस भांडी घासतंय आणि मारेकरी मागं येऊन उभा. तिथं घरचे सगळे टीव्हीकडं बघून ओरडायचे. कुणासाठी ओरडत होते कुणास ठाऊक. ती बहिरीच की.

एका ठिकाणी मुलगा रिमोट तळहातावर आपटायला लागला. टीव्हीचा आवाज गेला होता म्हणे. नात हसली, "बिघडला नाही, पप्पा. तिला कसं ऐकू येतं ते दाखवतायत." मुलगा कसनुसा झाला. जन्मभर माझ्या ताटाशेजारी जेवला, पण बापाच्या कानात काय असतं ते त्याला त्या दिवशी कळलं. आणि तो भ्याला.

"आबा, आता मळ्यात एकटं ऱ्हायाचं न्हाई."

"का रं? ती बाई शेवटाला वाचली न्हवं?"

"त्यो सिनेमा हाय, आबा!"

"मग सिनेमा बघून भ्यालास कशाला?"

सून तोंडाला पदर लावून हसली. पोरगा चिडला. म्हणाला, "मी न सांगता एक दिवस मळ्यात येणार. खांद्यावर हात पडंपर्यंत तुमाला कळलं न्हाई, तर गुमान कपडे भरायचे आन् इकडं यायचं."

"ठरलं. शब्द दिला."

माझा शब्द म्हणजे काय ते आमच्या भागात विचारावं. तोवर तरी मी तो कधी फिरवला नव्हता.

मळ्यात परतलो आणि माझं मलाच नवल वाटायला लागलं. खाट भिंतीला लावली. जेवायला दाराकडं तोंड करून बसायला लागलो. घास तोंडात आणि डोळे उंबऱ्यावर. उसातलं तण भांगलायला वाकलो की चार हात जाऊन मागं बघायचं. सरी संपेपर्यंत मान आखडायची. म्हशीनं कान हलवले की मी ताडकन उभा, आणि बघावं तर माशी. बायको गेली तेव्हाही हे घर मला परकं वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं. चोर आला नव्हता, पोरगाही आला नव्हता, पण घरात कुणीतरी शिरलंच होतं.

मला हाक मारून उपयोग नाही, म्हणून आमच्याकडं लांबून माझ्या पायाशी ढेकूळ टाकायची रीत आहे. मी वर बघितलं की मग बोलायचं. शेजारच्या मळ्यातला दोस्त एकदा असंच ढेकूळ टाकून आला. त्याला पैज माहीत होती.

"गड्या, तुझ्या लेकाची गाडी माझ्याच बांधावरनं येनार. दिसली की टाकतो ढेकूळ. जितलास म्हनून समज."

"चोरून जितायचं न्हाई मला."

"मग बस जा सांगलीत. लिफ्टमधनं वर-खाली करत."

तो गेला. मी खाट ओढून पुन्हा पहिल्या जागेवर आणली. अशा आखडलेल्या मानेनंच जगायचं तर सांगली काय वाईट होती?

पुढं एका रविवारी दुपारी अंगणात वाटेकडं पाठ करून बियाण्याच्या शेंगा फोडत बसलो होतो. पायाशी ढेकूळ पडून फुटलं. बघितलं तर समोरच्या बांधावर दोस्त. दोन्ही हात हलवून माझ्या मागं दाखवत होता. नको म्हटलेलं ऐकेल तर तो दोस्त कसला.

मागं वळलो असतो तर जिंकलो असतो. पोरगा म्हणाला असता, आबांना पाठीनं कळतं. पण मला पाठीनं काही कळत नाही. सिनेमातल्या बाईला जगायचं तर मारेकऱ्याला हरवावं लागतं. माझ्याच घरात राहायला मी कुणाला आणि का हरवावं? मी पुढची शेंग फोडली.

खांद्यावर हात पडला. वळून बघतो तर पोराच्या हातात बूट. पायमोजे मातीनं भरलेले. जमिनीला हादरा बसू नये म्हणून हा साहेब ढेकळांतून नुसत्या मोज्यांवर आला होता. तोंडावर जिंकल्याचं हसू, आणि लगेच ते रडल्यासारखं झालं.

"आबा, मी चोर असतो तर?"

"तर मेलो असतो. आला असतास माझ्या मातीला."

"शब्द दिलाय तुमी."

"दिलाय."

"मग भरा कपडे."

"न्हाई भरत."

तो माझ्या ओठांकडं बघत राहिला. जणू बहिरा तोच.

"तुमी शब्द फिरवताय, आबा?"

"फिरवतोय. तू जितलास, मी हरलो. मला ऐकाय येत न्हाई, मागचं कळत न्हाई, कुनीबी येऊन मारून जाईल. समदं खरं हाय. आन् मी हितंच ऱ्हानार."

"लोकांना काय सांगू?"

"आबानं शब्द फिरवला म्हनून सांग. पारावर बसून सांग."

त्यानं खरंच सांगितलं. आता डेअरीवर दूध घालायला गेलो की माझ्या वयाची माणसं मुद्दाम पुढ्यात येऊन विचारतात, "काय रं, शब्द फिरवला म्हनं?"

"व्हय, फिरवला."

झोंबतं. अजून झोंबतं. किटली घेऊन घरी येतो आणि अंगणात सावली जिकडं असेल तिकडं बसतो, वाटेकडं पाठ आली तरी.