दुसऱ्या पुलावर पडलो तेव्हा

"हे नेमकं कधी सुरू झालं?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"आज सकाळी," मी म्हणालो. "पायातली चप्पल आपोआप निसटायला लागली."

"नाही," शेजारी उभी असलेली माझी बायको मंगल म्हणाली. "परवा संध्याकाळी. हे दुसऱ्या पुलावर पडले तेव्हा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पुलावरून पडलात? डोक्याला मार लागलाय का?"

तशा अवस्थेतही मला हसू आलं आणि लाजही वाटली. पंचेचाळिशीतला, दोन मुलींचा बाप असलेला माणूस मेंदू आणि नसांच्या डॉक्टरसमोर बसून सांगत होता, की मॅडम, तो पूल टीव्हीतला आहे. व्हिडिओ गेममधला.

मॅडम हसल्या नाहीत. मंगलकडून त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग लहानशी रबरी हातोडी घेऊन माझ्या गुडघ्यावर मारली. पाय उडायला हवा होता, तो हललासुद्धा नाही. दुसरा गुडघा, घोटे, कोपर, कुठेच काही नाही.

"मला जीबीएसची शंका आहे," त्या म्हणाल्या. "गियाँ-बारे सिन्ड्रोम. लगेच भरती व्हा. घरी जाऊन कपडे वगैरे आणायला तुम्ही जायचं नाही, दुसऱ्या कुणाला पाठवा."

जीबीएस म्हणजे काय, ते मला समजलं तसं सांगतो. आपल्या शरीरात रोगाशी लढणारी जी शक्ती असते, तीच चुकून आपल्या नसांवर उलटते. बऱ्याचदा आधी ताप किंवा जुलाब होऊन गेलेले असतात. माझंही दोन-तीन आठवड्यांपूर्वी पोट बिघडलं होतं आणि मी ते विसरूनही गेलो होतो. नसांवरचं आवरण खराब झालं, की मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत पोचत नाही. साधारण पायांपासून सुरुवात होते आणि ते वर चढत जातं. छातीपर्यंत चढलं, तर श्वास घ्यायला मशीन लावावं लागतं.

"पायांत मुंग्या आधीपासून असतील," मॅडम म्हणाल्या. "तुमचं लक्ष गेलं नसेल."

खरंच गेलं नव्हतं. गंगापूर रोडच्या पुढे माझी गुलाबाची नर्सरी आहे. दिवसभर ओल्या मातीत उभं राहिल्यावर पायांना काही ना काही होतच असतं. पण मी पोटापाण्यासाठी जे करतो, ते हातांनी करतो. गुलाबाचे डोळे भरतो. म्हणजे रानगुलाबाच्या खुंटावर साल चिरायची, चांगल्या जातीचा डोळा अलगद त्या चिरेत बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा. साल फाटली तर डोळा वाया आणि खुंटही वाया. अंगठ्यानं किती दाबायचं, हेच त्यात सगळं कसब. हे हात गेले तर मी काय करणार, हा एकच प्रश्न त्या खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या डोक्यात घुमायला लागला.

आता त्या गेमबद्दल सांगायला हवं.

मी शाळेत असताना वडिलांनी टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. कॅसेट घालायची, लागली नाही तर काढून फुंकर मारायची आणि पुन्हा घालायची, त्यातला. सगळ्या कॅसेटींमधली एकच टिकली. तिच्यात कंदील घेतलेला एक बुटका माणूस गुहा, विहिरी, तीन पूल असं पार करत जातो आणि शेवटी त्याला त्याची हरवलेली शेळी सापडते. बस, एवढंच. माझं लग्न झालं, मुली झाल्या, वडील गेले, सेट दोनदा दुरुस्त झाला, पण नर्सरीतून आल्यावर हातपाय धुऊन अर्धा तास तो गेम खेळणं मी सोडलं नाही.

मंगलचा यावर राग होता असं नाही, पण तिला ते कोडं कधी सुटलं नाही. "नवीन काही असेल तर समजू शकते," ती म्हणायची. "तीच विहीर, तीच शेळी. एक पिक्चर माणूस इतक्या वेळा बघतो का? वेळ वाया घालवायचा म्हणजे किती!" स्वयंपाकघरातून तिचा रोजचा टोमणा ठरलेला असायचा, "सापडली का शेळी?" आणि दर दिवाळीच्या साफसफाईला ती तो सेट भंगारात काढायची आणि मी तो परत आत आणायचो.

त्या संध्याकाळी मी दुसऱ्या पुलावर पडलो. तिथं डाव्या अंगठ्यानं बटण दाबून धरायचं आणि उजव्यानं बरोबर क्षणी टिचकी मारायची. शाळकरी वयानंतर मी तिथं कधी पडलो नव्हतो. पडलं की एक रडकी धून वाजते. ती वाजली. पुन्हा खेळलो, पुन्हा तिथंच पडलो. तिसऱ्यांदा धून वाजली तेव्हा मंगल कणकेचे हात घेऊन दारात उभी होती.

"आज काय झालं? गेममध्ये हा आवाज इथं नसतो येत."

मी म्हणालो, "बटण गेलंय."

आणि इथं मी मूर्खपणा केला. दुसऱ्या दिवशी गेमचा रिमोट उघडला, आतल्या पट्ट्या खोडरबरनं घासल्या, स्क्रू बसवताना हातातून सारखे निसटत होते तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. संध्याकाळी पुन्हा खेळलो आणि पुन्हा तिथंच पडलो.

मंगल बाहेर आली, टीव्ही बंद केला आणि लसणाचा गड्डा माझ्या हातात दिला. "एवढा सोला."

मला एक पाकळी सुटी करता येईना.

ती देवळा तालुक्यातली. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता शहरातलंच बोलते, पण घाबरली की माहेरची बोली येते. "रिमोट नाय बिघडला, हात बिघडलाय तुमचा," ती म्हणाली. "मला लय भ्या वाटतंय. सकाळी दवाखान्यात जायचं." आणि सकाळी चप्पल निसटायला लागली तेव्हा तिनं रिक्षा आधीच बोलावली होती.

लसणाची गोष्ट ऐकून डॉक्टर मॅडम तिला म्हणाल्या, "चांगली टेस्ट केलीत. लवकर आणलंत, हे फार बरं झालं. बरेच लोक पाय उचलेनासा झाल्यावर येतात."

त्या दिवशी नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. हातापायांना बारीक बारीक विजेचे झटके देऊन नस निरोप किती वेगानं नेते ते मोजतात. दुखत नाही, पण दचकायला होतं. मग लंबर पंक्चर, म्हणजे कमरेतून सुई घालून मणक्यातलं पाणी काढणं. कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यायचे आणि हलायचं नाही. याची मला फार भीती होती. सांगतो ते एवढंच, की भीतीच्या मानानं ते पुष्कळ सोपं गेलं.

आयसीयूत नेलं तोवर पाय जड झाले होते. पुढच्या दोन दिवसांत हातही उचलेनासे झाले. सिस्टर यायच्या आणि म्हणायच्या, "एका श्वासात आकडे मोजा." छातीचे स्नायू किती दमात आहेत ते यावरून कळतं. माझे आकडे रोज कमी होत होते. काचेपलीकडून मंगल माझ्या ओठांकडे बघत मोजायची. कमी भरले की तिचा चेहरा मला दिसायचा, म्हणून मी डोळे मिटून मोजायला लागलो.

उपचार होता आयव्हीआयजीचा. इम्युनोग्लोब्युलिन. अनेक रक्तदात्यांच्या रक्तातून वेगळं काढलेलं औषध, ते शिरेतून थेंब थेंब देतात. ती बाटली माझ्या डोक्यावर टांगलेली असायची. मी तिच्याकडे बघत राहायचो. किती अनोळखी माणसांनी कुठल्या कुठल्या शिबिरांत बाही वर केली असेल आणि चहा-बिस्किट खाऊन घरी गेली असतील. त्यांना माझं नावही माहीत नाही. बरा झालो तर या लोकांचे आभार कुठे मानायचे, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून इथंच मानतो.

आयसीयूत सगळ्यात वाईट काय असेल, तर पुढच्या तासाला काय होणार ते माहीत नसणं. हलता येत नाही, बोलून दम लागतो, घड्याळाकडे बघवत नाही. तेव्हा मी डोळे मिटून गेम खेळायचो. कॅसेट घातली, फुंकर मारली, बुटका कंदील घेऊन निघाला. पहिली गुहा, वटवाघूळ, विहीर, खाली वाकणं. प्रत्येक वळणावर पुढे काय आहे ते मला ठाऊक होतं. हे नव्या गेमचं करता आलं नसतं. जो इतक्या वेळा खेळून हाडीमाशी खिळलाय, तोच हात नसताना खेळता येतो. दुसरा पूल आला, की मनातल्या मनात मात्र मी तो नीट ओलांडायचो.

एका सकाळी आकडे कमी झाले नाहीत. त्यानंतरच्या सकाळी थोडे वाढले. मॅडम म्हणाल्या, "उतरणीला लागलंय. मशीन लागणार नाही बहुतेक." काचेपलीकडे मंगल पदरात तोंड खुपसून रडत होती आणि सिस्टर तिला पाणी देत होत्या.

घरी आलो तो वॉकर घेऊन. हातात पेला धरता यायचा, पण शर्टाचं बटण लावता यायचं नाही. फिजिओथेरपिस्ट यायचे, रबरी चेंडू दाबायला लावायचे. "कंटाळा न येता रोज काय कराल ते सांगा," ते म्हणाले. "नसा सावकाश भरून येतात. पण थकेपर्यंत काहीच करायचं नाही, या आजारात ते उलटतं." मी चाचरत गेमचं सांगितलं. ते म्हणाले, "मग खेळा की! अंगठ्यांना व्यायामच आहे."

हे माझ्या धाकट्या भावाला, प्रकाशला, कळलं. त्याचं घोटीला तांदळाचं दुकान आहे. तो दुसऱ्याच दिवशी कोरा करकरीत सेट घेऊन हजर. "दादा, ते जुनं खोकं फेकून दे. हे बघ, यात अख्खं शहर आहे." फार मायेनं आणला होता. मी खेळायला बसलो. पहिल्या मिनिटाला मेलो, दुसऱ्या मिनिटाला मेलो. आठवडाभर मरतच राहिलो. एक दिवस तो रिमोट गादीवर टाकला आणि मुलींसमोर रडलो. म्हणालो, "संपलं. हात गेले माझे. नर्सरी विकून टाका."

मंगल भाजी निवडत होती. ती म्हणाली, "या गेममध्ये तुम्ही कधी धड उभे तरी राहिला होतात का?"

"नाही."

"मग हात गेले कशावरून? खेळ येत नाही म्हणून मरत असाल."

आणि ती स्टुलावर चढून माळ्यावरचा जुना सेट घेऊन आली. दर दिवाळीला भंगारात काढलेला, तोच. कॅसेटला फुंकरही तिनंच मारली.

तिचं म्हणणं अगदी खरं निघालं. जुन्या गेममध्ये चूक झाली, की ती फक्त हाताचीच असायची. विहिरीशी अडकलो तर उजवा अंगठा उशीर करतोय. वटवाघळाला धडकलो तर डाव्याची पकड सुटतेय. फिजिओना मी तसं नेमकं सांगायचो आणि ते तेवढ्याच स्नायूचा व्यायाम वाढवायचे. मी गेम खेळून बरा झालो, असं कृपया कुणी समजू नका. बरा झालो तो वेळेवर मिळालेल्या औषधानं, डॉक्टरांमुळे, सिस्टरांमुळे. पण आज कालच्यापेक्षा बरा आहे, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. पावसाळा सरता सरता मी पहिला पूल ओलांडला. थंडी पडली तेव्हा दुसरा.

त्याच थंडीत नर्सरीत चाकू हातात घेतला. पहिल्या खुंटाची साल फाटली, दुसऱ्याचीही. पण काही डोळे बसले आणि त्यातल्या काहींना पुढे कोंब फुटले. डाव्या अंगठ्याचं टोक अजून बधिर आहे. पूर्वीच्या निम्मं काम होतं, आणि तेवढ्यावर मी खूश आहे.

तुमच्यापैकी कुणाला हातापायांत मुंग्या येऊन ताकद कमी होत असेल, तर रिमोट उघडत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि घरात कुणी तीच ती गोष्ट रोज करत असेल, गेम असो, पत्ते असोत, पेटीवरचा एकच राग असो, तर त्याला जरा करू द्या. रोजचं चुकलं, तर कळतं तरी.

आता एक शेवटचं. परवा मला गंमत सुचली. मंगल पोळ्या लाटत होती. दुसऱ्या पुलावर मी मुद्दाम पडलो. रडकी धून वाजली. आत लाटणं थांबलं. पुन्हा पडलो, तर ती पिठाच्या हातांनी धावत आली आणि काही न विचारता तिनं माझा डावा अंगठा धरून दाबून बघितला.

"अगं, मुद्दाम पडलो," मी म्हणालो.

ती हसली नाही. माझ्या शेजारी पलंगावर बसली आणि तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं आत काम करता करता ती रोज सगळं ऐकत होती. मला वाटायचं, माझा गेम मी एकटाच खेळतो. मी तिला म्हणालो, "पुन्हा असं करणार नाही."

"आधी पूल ओलांडा," ती म्हणाली. "मग मी उठते."

मी ओलांडला. ती उठली नाही. तिसरा पूल झाला, शेवटची गुहा झाली, तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तरी ती बसूनच राहिली. पडद्यावर शेळी आली. वीस वर्षांच्या संसारात रोज तिची चौकशी करणाऱ्या मंगलनं ती शेळी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"एवढीशीच आहे होय?" ती डोळे पुसत म्हणाली. "मला वाटलं, चांगली मोठी असेल."