तिकडची पणती

"आधी हवा सांगा," असं म्हणून मॅडम चष्मा कपाळावर चढवायच्या आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायच्या. परग्रहावरची गोष्ट लिहून आणलेला एखादा होतकरू लेखक त्यांच्यापुढे यान, राजकन्या, युद्ध असं बरंच काही मांडत असे. त्यांना त्यातलं काही नको असायचं. तिथे श्वासात काय जातं ते कळू दे, मग राजकन्येला नाक द्यायचं की नाही ते ठरवू, असं त्यांचं म्हणणं. बहुतेक लेखक चहा अर्धा टाकून उठत.

मी तेव्हा पुण्यातल्या एका दिवाळी अंकासाठी चित्रं काढत असे आणि मॅडम त्या अंकात दर वर्षी एकाच ग्रहाच्या गोष्टी लिहीत. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या, कर्वेनगरला एकट्या राहत. त्यांच्या वडिलांचं कॅम्पात अत्तराचं दुकान होतं. "अत्तरवाल्याची मुलगी मी. हवा नसती तर आम्ही खाल्लं काय असतं?" असं पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं होतं.

ग्रहाला त्यांनी नाव दिलं नव्हतं. नुसतं 'तिकडे' म्हणत. आता कर्वेनगरात तिकडे म्हणजे अमेरिका, हे तुम्हाला सांगायला नको. शेजारच्या काकू कित्येक वर्षं समजत होत्या की यांचा मुलगा परदेशात आहे आणि आईला बोलावत नाही. तिकडची हवा तुम्हाला मानवेल का हो, असं त्यांनी एकदा काळजीने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "छे, दोन श्वासांत खलास." काकूंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

तिकडची हवा मिथेनची. दाट, नारिंगी, इतकी गढूळ की हात लांब केला तर आपलीच बोटं दिसू नयेत. म्हणून तिथल्या जीवांचे डोळे मिऱ्याएवढे, आणि नाक मात्र अंगभर. घर, बाजार, नवरा-बायको, सगळं वासावरून ओळखायचं. अशा हवेत चालण्यापेक्षा तरंगणं सोपं. पहिल्या वर्षी मी त्या जीवांना पाय काढले, तर चित्र परत आलं. यांना चपला कोण पुरवणार आहे, असा निरोप सोबत होता. मी जाम चिडलो. पण हळूहळू मला त्या ग्रहाची अशी सवय लागली की लक्ष्मी रोडच्या गर्दीत माणसांचे पाय उगीचच आहेत असं वाटायला लागलं.

एका वर्षी मुखपृष्ठावर तिकडचंच चित्र घ्यायचं ठरलं. आमच्या संपादकांचा नियम एकच होता, मुखपृष्ठावर पणती पाहिजे. बाई असो की बैल, पणतीतून सुटका नाही. मी तिकडच्या एका जीवाच्या हातात तेवती पणती दिली, आणि खरं सांगतो, ती झकास जमली होती. चित्र छापखान्यात जायच्या दिवशी सकाळी मॅडम कार्यालयात आल्या. चष्मा वर गेला.

"ही विझवा," त्या म्हणाल्या.

जिथे प्राणवायू नाही तिथे पणती पेटेल कशी, हा त्यांचा प्रश्न. दिवाळीला दिवा नको म्हणता, उद्या फराळही नको म्हणाल, हे संपादकांचं उत्तर. शब्दाने शब्द वाढला. शेवटी संपादकांनी सांगून टाकलं की पणती नसेल तर मुखपृष्ठ दुसरं, आणि गोष्टीचं पुढच्या वर्षी बघू. 'पुढच्या वर्षी बघू' याचा अर्थ पुण्यात काय होतो ते आपण सगळे जाणतो. असल्या गोष्टी छापणारा दुसरा अंक आम्हाला ठाऊक नव्हता. म्हणजे तो अख्खा ग्रह त्या सकाळी बंद पडणार होता.

मॅडमनी गोष्टीचे कागद पिशवीत घातले. "मग राहू द्या. खोट्या हवेत मी माझी माणसं ठेवणार नाही." मला फार वाईट वाटलं. चित्र दुसरं काढता आलं असतं, तो ग्रह कुठून आणणार होतो?

दाराजवळ शिपाई स्टोव्हवर चहा करत होता. मॅडम तिथे थबकल्या आणि ज्योतीकडे बघत राहिल्या.

"आपण रॉकेल भरतो. हवा फुकट मिळते," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "तिकडे जळणारी हवा फुकट आहे. मग पणतीत प्राणवायू भरायचा."

संपादकांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडम मात्र स्टूल ओढून बसल्या होत्या. प्राणवायू तिकडे विष, तो कुणी हुंगत नाही. पण समुद्राच्या तळाशी एक वनस्पती तो फुग्यांत साठवते. तो फुगा आणायचा, पणतीला जोडायचा, बारीक धार सोडून ठिणगी द्यायची. ज्योत पेटणार म्हणजे पेटणारच. संपादकांना यातलं काही कळलं नसावं, पण पणती वाचली एवढं कळलं आणि त्यांनी लगेच चहा मागवला.

मी खुसपट काढलंच. त्या गढूळ हवेत उजेड वीतभरही जाणार नाही, मग दिवा लावायचा कशाला?

त्यांनी जरा वेळ विचार केला. "कुणी घरी आलं की लावतील. माणूस वासावरून ओळखता येतो हो. चेहरा बघायला जवळच यावं लागतं."

गोष्टीचा शेवट त्यांनी तिथेच स्टोव्हशेजारी बसून बदलला. पुढे बरीच वर्षं, अंक चालू होता तोवर, तिकडे घरोघरी पाहुण्यांसाठी पणत्या लागत राहिल्या.

मॅडमना शेवटचं भेटलो तेव्हा दार काकूंनी उघडलं. आत पलंगाशेजारी प्राणवायूचं सिलिंडर उभं होतं आणि त्याची नळी मॅडमच्या नाकात. कुठे बघावं मला कळेना, म्हणून मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो.

त्यांनी बोटाने सिलिंडर दाखवलं. "पणती भरून ठेवलीय, बघा." मग दम घेऊन म्हणाल्या, "लांब काय बसलात? जवळ या."

मी खुर्ची पुढे ओढली. जन्मभर कपाळावर चढवलेला तो चष्मा त्यांनी खाली डोळ्यांवर घेतला, आणि माझा चेहरा नीट बघून घेतला.

त्या गेल्या त्या दिवशी घरी येऊन मी नारिंगी रंगाची वाळत आलेली बाटली शोधून काढली. चित्र कुठल्या अंकासाठी नव्हतं. दाट हवा, मधोमध पणती, आणि तिच्या अगदी जवळ आलेले दोन चेहरे. एकाच्या डोळ्यांवर चष्मा आहे. पाय काढलेले नाहीत.