अकरा मिनिटांचं भाषण

रविवारी वागळे इस्टेटमधल्या हॉलमध्ये आम्ही बावन्न जण होतो. सहा हजार भाडं शेजारच्या काकांनीच भरलेलं. लिफ्टमध्ये ‘चला’ याशिवाय काही न बोलणारा हा माणूस चाळीस वर्षं ऑर्केस्ट्रात मागे बसून सॅक्सोफोन वाजवत आला. शहात्तराव्या वर्षी स्वतःच्या नावाचं हे पहिलं जॅझ रेकॉर्डिंग, तेही श्रोत्यांसमोर; साथीला फक्त बास आणि ड्रम.

दुसरी रचना रंगात असताना आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने वादन थांबवलं आणि उशिरा आलेल्या नगरसेवकाला शाल घातली. तो अकरा मिनिटं बोलला. मी संतापाने घड्याळ बघत होतो. काका सॅक्सोफोनची रीड, म्हणजे फुंकायची वेताची पट्टी, सुकू नये म्हणून ती तोंडात धरून उभे. मग त्यांनी जे वाजवलं, त्याने खुर्च्या थरथरल्या.

“काका, भाषण कापतो,” कार्यक्रम संपल्यावर रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

“हात लावू नकोस! पुढचं मी एवढं चिडून का वाजवलंय, ते ऐकणाऱ्याला कळू दे.”