आधी मंदारला वास घेऊ दे!

बुटांचे रिकामे खोके आणि बुटांचे किस्से, दोन्ही टाकवत नाहीत आणि कुठे ठेवायचे तेही कळत नाही. माझ्या कोलकात्यातल्या न्यू टाउनच्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली खोके साचलेत आणि डोक्यात किस्से. खोक्यांचं बायको बघून घेईल. किस्से तुम्ही ऐका.

तर आमचा चौघांचा कंपू. मी, मंदार, अनिकेत आणि शाल्मली. सगळे मराठी, सगळे इथल्या आयटी ऑफिसांत आणि सगळ्यांना नाद एकच, स्नीकर्स! विकत कमी घ्यायचे, आपसांत अदलाबदल जास्त. माझा जोड तुला, तुझं हूडी मला. पण बाजारात इतका नकली माल, की अदलाबदलीआधी मंदारने तपासायचं हा नियम. तो शिलाई बघतो, सोल वाकवून बघतो, टॉर्च मारतो आणि शेवटी बुटात नाक खुपसून गोंदाचा वास घेतो. मग निकाल, "खरा!" किंवा "खोटा!" बाकी आम्हा तिघांना फरक कधीच कळला नाही. मला तर आजही कळत नाही.

शाल्मली कोलकात्यातच वाढलेली. अनिकेतला तिच्याशी लग्न करायचं होतं, तिलाही त्याच्याशीच. अडलं होतं ते तिच्या बाबांपाशी, म्हणजे जोगळेकर काकांपाशी. त्यांची सगळी नोकरी खिदिरपूरच्या गोदीत उतरणारा माल तपासण्यात झालेली. अनिकेतचा विषय निघाला की ते एवढंच म्हणायचे, "बघू!"

"बघू म्हणजे हो की नाही रे?" अनिकेत मला विचारायचा. मला बुटातलं कळत नाही, तिथे काकांचं काय कळणार?

*

एकदा ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर मी एक जोड आणला. मंदारने डोळे मिटले, बूट नाकाला लावला आणि खोल श्वास घेतला. शेजारी भाजीची पिशवी घेऊन एक बंगाली मावशी उभ्या होत्या. त्या किंचाळल्याच, "ओ मा! छेलेटार मृगी होयेछे गो!"

फीट आलेल्याला चप्पल हुंगवायची हे त्यांनाही माहीत आणि टपरीवाल्यालाही. तो धावला. लोकांनी मंदारला बाकावर आडवं केलं. मावशींनी मगभर पाणी तोंडावर मारलं. मंदार ओरडतोय, "आमि ठीक! आमि ठीक!" आणि ते बूट आणखीच दाबून धरतायत, कारण मावशींच्या मते गुण येत होता!

शेवटी सुटला बिचारा. केसांतून पाणी गळतंय, शर्ट चिंब. मी घाबरून विचारलं, "बरा आहेस ना?"

"खरा आहे," तो म्हणाला, "घेऊन टाक!"

*

अनिकेतच्या एका हूडीवर कंपनीच्या नावात एक अक्षर चुकलेलं होतं. मंदारने लांबूनच निकाल दिला, "खोटं! स्पेलिंग बघ." अनिकेतने ते हूडी ऑफिसातल्या कुणाला तरी देऊन टाकलं.

पुढे कळलं, कंपनीने मुद्दामच तसं छापलेलं. स्पेशल एडिशन! अनिकेत हळहळला. बरीच शोधाशोध करून त्याने पुन्हा तसलंच हूडी मिळवलं आणि मंदारपुढे ठेवलं.

"खोटं!" मंदार म्हणाला.

"आता काय झालं?"

"स्पेलिंग बरोबर आहे!"

*

माझी आई साताऱ्याहून राहायला आली होती. संध्याकाळी घरी आलो तर बाल्कनीत माझा कोरा जोड लेसने दोरीला टांगलेला! आईने साबण लावून ब्रशने घासून काढला होता.

"कसलातरी वास मारत होता रे. औषधासारखा."

"आई, तो वास असेल तरच बूट खरा!"

"आणि ते लाल प्लास्टिक लोंबत होतं, तेही कापून टाकलं. दुकानातून उचलून आणल्यासारखं दिसत होतं."

ते प्लास्टिक म्हणजे खरेपणाची खूण! मी तसाच जोड घेऊन मंदारकडे पळालो. त्याने वास घेतला. पुन्हा घेतला. इतका गोंधळलेला मंदार मी पहिल्यांदाच पाहिला.

"बुटाचं काही सांगता येत नाही," तो म्हणाला, "पण साबण ओरिजिनल आहे!"

*

बागबाजारला ऑफिसातल्या एका बंगाली मित्राकडे अदलाबदल ठरली होती. मी आणि मंदार गेलो. मित्राच्या आजींनी विचारलं, तुम्ही कुठले? मी ऐटीत सांगितलं, "मराठी!"

"ओरे बाबा! बोर्गी!" आजी म्हणाल्या.

बर्गी म्हणजे पूर्वी बंगाल लुटायला आलेले मराठे घोडेस्वार. त्यांना अडवायला जो खंदक खणला, तो याच बागबाजारापासून सुरू व्हायचा. हे सगळं आजींनी हसत हसत सांगितलं आणि हसत हसतच बुटांच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली पदराला बांधली! मित्राने विनवण्या केल्या. आजी ढिम्म.

शेवटी आम्ही निघालो, तर दाराशी आमचेही बूट नाहीत. तेही त्याच कपाटात!

"आगे भात खेये जाओ," आजी म्हणाल्या.

पोटभर मासे-भात झाल्यावर किल्ली फिरली. तो पाहुणचार होता की जुना सूड, यावर मंदारचं आणि माझं अजून एकमत नाही.

*

शाल्मलीचं मराठी घरापुरतं. मंदारने पास केलेला माझा एक जोड तिने घेतला आणि त्याच संध्याकाळी तिचा फोन आला.

"अरे, तुझे बूट खोटे आहेत!"

"शक्यच नाही! मंदारने वास घेतलाय."

"मी घालून बघितले ना! इतके खोटे आहेत की माझी बोटं दुखली!"

खोट्या बुटांनी बोटं दुखतात हे मला नवीनच होतं. मी भांडायच्या तयारीत. तेवढ्यात ती म्हणाली, "अंगठा आत जातच नाही!"

"अगं बाई, तुला छोटे म्हणायचंय का?"

"तेच तर म्हणते. खोटे!"

बंगालीत छोटो, हिंदीत छोटा, तर मराठीत खोटा, असा तिचा बालपणापासूनचा हिशेब. तिची आई सारखी म्हणायची, "खोटं बोलू नकोस." हिला वाटायचं, बारीक आवाजात बोलू नकोस.

"म्हणून तर मी एवढ्या मोठ्याने बोलते!" शाल्मली म्हणाली. मी फोन कानापासून लांबच धरला होता. तिला ख आणि छमधला फरक समजावला. ती "हो हो" म्हणाली. कळलं की नाही, देव जाणे.

*

आणि मग काकांनी अनिकेतला वाढदिवसाला बूट दिले. खिदिरपूरच्या बाजारातून, स्वतः निवडून! अनिकेत हवेत. पण सवयीने मंदारकडे घेऊन आला. मंदारने खोका उघडला आणि वाससुद्धा न घेता झाकण लावलं.

"खोटा?" अनिकेतने विचारलं.

"इतका खोटा जोड मी आजवर बघितला नाही."

अनिकेतचं तोंड एवढंसं झालं. बूट घातले तर काका म्हणणार, याला पारख नाही. नाही घातले तर दिलेली भेट नाकारली. खरं सांगावं, तर जन्मभर माल तपासलेल्या माणसाला तोंडावर म्हणायचं, काका, तुम्ही फसलात! आणि होकार अजून 'बघू'वरच. मला त्याचं फार वाईट वाटलं. शेवटी चौघांनी मिळून ठरवलं, बूट छोटे होतात एवढंच सांगायचं आणि विषय संपवायचा.

रविवारी काकांकडे जेवायला गेलो. अनिकेत जुनेच बूट घालून आलेला. काकांनी दाराशी ते पाहिले आणि आधी जेवायला बसवलं. मग बडीशेप चघळत म्हणाले, "अनिकेत, मी दिलेले बूट घातले नाहीस?"

अनिकेतने बडीशेपेची वाटी पुढ्यात ओढली. मंदार छताकडे बघायला लागला. शाल्मलीला राहवलं नाही. आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात ती म्हणाली, "बाबा, ते खोटे आहेत!"

अनिकेत पांढराफटक पडला. मी सावरायला गेलो, "काका, तिला म्हणायचंय की..."

काकांनी हात करून मला थांबवलं. आधी लेकीकडे बघितलं, मग अनिकेतच्या पायांकडे.

"खोटे आहेत ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "छोटे होत नाहीत ना?"

"ना... नाही काका. अगदी बरोबर बसतात."

"बूट खोटे, पण माणूस खरा! उद्या तेच घालून ये. पेढे वाटायला आपल्याला बरंच चालावं लागेल!"