पदराखालची तिरफळं

हिंजवडीत आठवडाभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि शनिवारी धायरीच्या घरी लोळत पडायचं, हा माझा ठरलेला बेत. त्या शनिवारी मात्र उजाडायच्या आत गाडी काढली, ती तिरफळांपायी.

झालं असं. माझी बायको रसिका सदाशिव पेठेजवळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि पीएचडी करते. कोकणात माशाच्या कालवणात घालतात त्या तिरफळाच्या सुगंधी तेलात नेमकं काय काय असतं आणि ते अँटिऑक्सिडंट म्हणून किती चालतं, हा तिचा विषय. तिच्या म्हसळ्याकडच्या मावशीनं एस.टी.नं ताजी तिरफळं पाठवली. रसिकानं ती आतल्या खोलीत कागदावर पसरली आणि कॉलेजला गेली. माझी आई मूळची यवतमाळची, वाळवणात तिचा हात कोणी धरणार नाही. तिनं ओलसर तिरफळं पाहिली, सुनेचं काम हलकं करावं म्हणून उचलून गच्चीत नेली आणि ऑक्टोबरच्या रणरणत्या उन्हात दिवसभर कावळे हाकत बसली. परिणाम? प्रयोगशाळेत तेल निघालं ते बाटलीच्या तळाला चिकटण्यापुरतं.

"काऊन? वाळवण उन्हातच घालतात न बापा!" आई म्हणाली. हे तेल उन्हानं उडून जातं आणि हंगाम संपत आल्यामुळे आता नमुना हुकला तर रसिकाचं अख्खं वर्ष वाया जाईल, हे कळल्यावर आईनं संध्याकाळचा चहाही घेतला नाही. रसिका चिडली नाही. "आई, झाडावर थोडी राहिली असतील. आपण जाऊन आणू," एवढंच म्हणाली.

"मले बी न्या," आई म्हणाली.

वाट सोपी आहे. चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव आणि पुढे म्हसळा. पेट्रोल पिरंगुटलाच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. घाटातला रस्ता काही ठिकाणी रस्ता आहे, काही ठिकाणी नुसती समजूत. पौडला मिसळ खाल्ली. "तिखट आहे का हो?" रसिकानं विचारलं. मालक म्हणाले, "खाऊन बघा. पाण्याचे पैसे घेत नाही आम्ही." आईनं वर लाल तर्री मागून घेतली आणि मालकांकडे बघितलंसुद्धा नाही.

तिरफळाचं झाड मावशीच्या परसात आहे. खोडावर बोटाएवढे काटे, त्यामुळे चढायचा प्रश्नच नाही. मावशीचे यजमान आकडीनं फांद्या वाकवत होते आणि आम्ही घोस तोडत होतो. वाटाण्याएवढं फळ, आत काळं बी. बी फेकायचं, वास सगळा सालीत. आईनं एक चावून बघितलं आणि जीभ झिणझिणल्यावर डोळे मोठे करून म्हणाली, "हे तं लवंगेची मावशी दिसते!" जेवायला तिरफळं घातलेलं बांगड्याचं कालवण होतं. सावजी रश्श्यावर वाढलेली माझी आई पुन्हा वाढून घेत होती, तेव्हा मावशीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बायकोच्या माहेरच्यांकडे खर्च कसला, फक्त चितळ्यांच्या बाकरवडीच्या मोहात न पडता घरचे बेसनाचे लाडू न्यावेत.

परतीला दुपारचं ऊन मागच्या काचेतून आत येत होतं. पिशवी डिकीत ठेवतो म्हटलं, तर आई म्हणाली, "तिथं तापते." तिनं ती मांडीवर घेतली, वरून पदर घातला आणि धायरीपर्यंत तशीच बसून राहिली. घाटात आम्ही चहाला थांबलो, तेव्हा ती खाली उतरली नाही. रसिकानं तिचा कप गाडीत नेऊन दिला आणि शेजारी बसूनच आपलाही प्यायली. पुढे गाडी चालवताना मला आरशातून दोघी दिसत होत्या. त्या दोघींचा मला फार अभिमान वाटला.

सावलीत, पंख्याखाली वाळलेल्या त्या सालींचं तेल काढलं, त्या दिवशी रसिकानं आम्हालाही कॉलेजात नेलं. काचेच्या नळीत पाण्यावर पिवळसर तेलाचा चांगला थर तरंगत होता. मग तिनं वांग्याच्या रंगाचं एक द्रावण घेतलं, त्यात ते तेल घातलं आणि आम्हाला थांबायला सांगितलं. जांभळा रंग हळूहळू फिका पडत पिवळ्याकडे गेला.

"चिरलेलं सफरचंद काळं पडतं, तेल खवट होतं. ते रोखायची ताकद किती, हे या रंगावरून कळतं," रसिका म्हणाली. "क जीवनसत्त्वाची सर नाही, आई, पण ताकद आहे. आणि यात लिमोनिन सापडलंय. संत्र्याच्या सालीत असतं ना, तेच."

"म्हणजे आमच्या विदर्भाचंच!" आई म्हणाली. प्रयोगशाळेतल्या मुली हसल्या. रसिकाही हसली आणि तिनं पटकन डोळे पुसले.

घरात अजून तिरफळाचा वास आहे. परवा समोरच्या काकू गच्चीत पुदिना पसरत होत्या, तर आईनं गॅलरीतून हाक मारली, "अवो, उन्हात काऊन टाकता? वास उडून जाते. सावलीत टाका."

"अहो, वाळवण उन्हातच घालतात," काकू म्हणाल्या.

"मी बी तसंच म्हणत होती," आई म्हणाली. "माह्या सुनेनं तेल काढून पाह्यलं."

काकूंनी परात उचलली.